सुरंगीचा वास कसा असतो

कोंडुसली गावात सातेरी देवीच्या जत्रेला एक काम असं चालायचं, की ते बघायला माणसं हातातली कामं टाकून यायची. आणि बघायला तरी काय, तर एक माणूस खाली मान घालून फुलं ओवतोय, एवढंच.

फुलं सुरंगीची. झाड घरापेक्षा उंच आणि फूल मात्र करवंदाएवढं, पांढऱ्या पाकळ्यांत केशरी झुपका. उजाडायच्या सुमारास कळ्या मिटलेल्या असतानाच त्या उतरवायच्या. ऊन चढलं की त्या टोपलीतच उमलतात आणि मग खाडीपलीकडच्या वाडीलाही कळतं, की कोंडुसलीत आज वळेसार, म्हणजे सुरंगीचे गजरे, ओवतायत. देवीला वाहायच्या फुलाचा आधी कुणी वास घ्यायचा नाही, हा नियम तसा सगळीकडचाच. पण कोंडुसलीने तो जरा जास्तच मनावर घेतला होता. ओवायला बसणाऱ्या गुरवांनी नाकावर ओलं फडकं बांधायचं आणि बघायला आलेल्यांनी पदर, रुमाल, जे असेल ते नाकाशी धरायचं. सगळं गाव देवळाच्या सभामंडपात नाक झाकून बसलेलं, असं ते दृश्य असे.

उघड्या नाकाने बसायचा तो एकटा भार्गव गुरव.

दहा वर्षांचा असताना तो पहिल्यांदा बापाशेजारी ओवायला बसला आणि फडकं बांधायचं विसरला. मुख्य मानकरी भिकाजी परब ओरडणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष पोराच्या चेहऱ्याकडे गेलं. मांडीवर फुलांचा ढीग, फुलं उमलत चाललेली, आणि पोराची नाकपुडीसुद्धा हलत नव्हती. भिकाजी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "येसवंता, तुझ्या झिलाक वासाची हावच नाय रे. देवीन निवडल्यान ह्याका."

झालं. गावाला एकदा एखादी गोष्ट पटली, की पुढचे पुरावे गाव आपले आपणच गोळा करतं. बरोबरीच्या पोरांना मिसरूड फुटलं, भार्गवला फुटलं नाही, देवीचीच इच्छा. पोरांचे आवाज घोगरे झाले, ह्याचा आरतीतला सूर बायकांच्या सुरात मिसळत राहिला, देवीचा प्रसाद. हातपाय लांबसडक, गाल गुळगुळीत. तिशी उलटली तरी परगावचा माणूस त्याला कॉलेजातला पोरगा समजायचा. लोक त्याच्या पाया पडायला लागले. बाप यशवंत गुरव, म्हणजे आप्पा, ते बघून सुखावायचा. बायको भार्गवच्या लहानपणीच गेली होती, त्यानंतर त्याला सुख असं हेच मिळालं होतं.

आणि भार्गव? वास म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. लोक देवीच्या मुखावरच्या तेजाबद्दल बोलतात, ते जसं बोलण्यापुरतं असतं, तसंच वासाचंही असणार, असं त्याला वाटे. फुलं दिसली की डोळे मिटून 'वा' म्हणायचं, सुकत घातलेल्या बांगड्यांजवळून जाताना नाक मुरडायचं. आरती पाठ करावी तसं त्याने हे पाठ केलं होतं. एकदा चुलीवर भात करपून कोळसा झाला आणि हा शेजारीच बसून होता. आप्पाने सगळ्यांना सांगितलं, पोर ध्यानात होतं.

पण शरीराचं तसं नव्हतं. शरीरात काहीतरी व्हायचं राहून गेलंय, हे त्याला सोळाव्या वर्षापासून कळत होतं. तो खाडीत पोहायला जायचा बंद झाला. आंघोळ सगळ्यांच्या आधी एकट्याने उरकायला लागला. विचारणार कुणाला? मूळव्याधीवर गावात चहाच्या टपरीवर उघड चर्चा होते, चार औषधं सुचवली जातात. या दुखण्याला नावच नव्हतं. नाव नसलेल्या दुखण्याचं औषध कसं मागायचं? त्यापेक्षा देवमाणूस होऊन राहणं सोपं होतं आणि तो तसाच राहिला. आतून मात्र त्याला फार एकटं वाटायचं.

चैताली धुरी ही गावातलीच. सुरंगीचं अत्तर काढायचा तिचा छोटा कारखाना खाडीच्या काठाला होता. उन्हावर चालणारी भट्टी तिने स्वतः बसवून घेतली होती. देवळातली उरलेली फुलं न्यायला ती यायची आणि फुलं भरून झाली तरी बसून राहायची. भार्गव अठ्ठावीस वर्षांचा असताना एका दुपारी तिने देवळाच्या तळ्याकाठी त्याला सरळ विचारलं, "माझ्याशी लगीन करतलंस?"

भार्गवच्या मनात आलं, की हो म्हणावं आणि इथेच जीव गेला तरी चालेल. तोंडातून मात्र निघालं, "माका देवीचा बंधन आसा."

तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि टोपली उचलून ती निघून गेली. नंतर उरलेली फुलं न्यायला तिचा गडी यायला लागला. गावाला भार्गवचा अभिमान वाटला आणि भार्गव बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून झोपला.

*

छत्तीसाव्या वर्षी तो देवळाच्या एका पायरीवरून घसरला. एकाच पायरीवरून, फुलांची रिकामी टोपली हातात असताना. मांडीचं हाड मोडलं.

जिल्ह्याच्या गावी मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. हाड बसलं, पण तिथल्या लोकांना एक गोष्ट खटकली. हे हाड सत्तरीतल्या म्हातारीचं असावं तसं पोकळ होतं. त्यांनी त्याला डॉ. आयरीन लोबो यांच्याकडे पाठवलं. लोबोबाई अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञ होत्या आणि चष्म्यावरून बघायची त्यांना सवय होती. बाई डॉक्टर म्हटल्यावर भार्गवने खुर्चीत अंग चोरलं.

तोवर दवाखान्यांतून प्रत्येक रोग्याची गंधचाचणी व्हायला लागली होती. कंपवात किंवा विसरभोळेपणाचा आजार जडायच्या कितीतरी वर्षं आधी माणसाची वासाची जाणीव मंदावते, हे कळल्यापासून रक्तदाबाबरोबर नाकही तपासायचं, असा दंडक पडला होता. कपाळाला एक पट्टा बांधायचा, नळीतून एकेक वास सोडायचा आणि मेंदूने त्याची दखल घेतली की पडद्यावरची रेघ उसळते. परिचारिका नळी धरायची आणि भार्गव तिच्या चेहऱ्यावरून अंदाज घेत बोलायचा. "वा. मोगरो." "शी, रॉकेल." आयुष्यभराची तालीम होती, त्याचे बहुतेक अंदाज बरोबर आले.

लोबोबाईंनी पडदा त्याच्याकडे फिरवला. रेघ सरळ होती, इकडून तिकडे, भाताच्या खाचरातल्या पाण्यासारखी.

"भार्गव, तुमचं तोंड म्हणतंय शी, आणि मेंदू म्हणतोय काही झालंच नाही. दोघांतलं खरं कोण बोलतंय?"

त्याने त्या सरळ रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बाई, माका वाटायचा, सगळेच नुसता तसा म्हणतत." आणि रडायला लागला. छत्तीस वर्षांत त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

बाईंनी त्याला रडू दिलं. मग त्यांनी पुढचे प्रश्न विचारले, दाढीचे, आवाजाचे आणि त्याहून अवघड, पण अशा सुरात की जणू यंदा भात किती झालं ते विचारतायत. त्याने छताकडे बघत सगळी उत्तरं दिली. तपासणी झाली, रक्त गेलं, डोक्याचं चित्र निघालं. दोन दिवसांनी त्यांनी त्याला समोर बसवलं.

"याला कालमन सिंड्रोम म्हणतात. तीस-चाळीस हजार पुरुषांत एखाद्याला असतो. डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही, कारण नाकाची तक्रार एकाकडे जाते आणि दाढीची कुणाकडेच जात नाही."

"नाकाचो आनी दाढीचो काय संबंध?"

"तीच तर गंमत आहे." त्यांनी कागदावर गर्भाचं एक चित्र काढलं, काजूच्या बीसारखं. "बाळ आईच्या पोटात एवढंसं असताना त्याच्या नाकाच्या जागी काही पेशी जन्मतात. त्या नाकात राहत नाहीत. नाकातून वासाच्या ज्या तंतूंची वाट मेंदूकडे जाते, त्या वाटेने त्या चालत निघतात. खरंच चालतात, रांगेने. मेंदूच्या तळाशी पोचल्या की तिथे वस्ती करतात आणि पुढे बारा-चौदा वर्षं गप्प बसतात. मग एक दिवस त्या ठोके द्यायला लागतात, दर दीड-दोन तासांनी एक. त्या ठोक्याने पोरगा वयात येतो. दाढी, आवाज, हाडांचा कणखरपणा, सगळं त्या ठोक्यावर चालतं."

"आनी माझ्यात?"

"तुमच्यात वाटच झाली नाही. म्हणून वास नाही. आणि वाट नाही, म्हणून त्या पेशी नाकाच्या मुळाशीच अडकून राहिल्या."

भार्गव त्या चित्राकडे बघत राहिला. आपण कुणाचे निवडलेले नव्हतो. आपल्या आत कुणीतरी घरून निघालं होतं आणि त्यांना रस्ता सापडला नव्हता. त्याला स्वतःऐवजी त्यांचंच वाईट वाटलं.

उपचार दोन होते. एक जुना, इंजेक्शनांचा. ती जन्मभर घ्यायची; हाडं सुधारतील, दाढी येईल, वास येणार नाही. दुसरा नवा. त्याला 'वाटचाल' म्हणत आणि तो अजून मोजक्याच लोकांवर झाला होता. रोग्याच्या कातडीतल्या पेशी घ्यायच्या, त्यांना उलटं शिकवत पुन्हा त्या गर्भातल्या पेशींसारखं करायचं, आणि नाकाच्या आत वरच्या टोकाला त्यांना सोडायचं. सोबत एक विरघळणारा धागा मेंदूपर्यंत नेऊन ठेवायचा. पेशींनी तो धरून चालायचं. नव्या तंतूंनीही त्याच धाग्यावरून जायचं.

"पोचतीलच असं नाही," बाई म्हणाल्या. "आणि एक सांगते. ज्यांच्यावर हे केलंय, त्या सगळ्यांना चालण्याची स्वप्नं पडतात. का पडतात, ते आम्हाला कळलेलं नाही."

*

त्याने 'वाटचाल' निवडली. पहिलं स्वप्न पडलं ते त्या शस्त्रक्रियेचे टाके सुकायच्या आधीच.

भार्गव चालत होता. पायाखाली मऊ, ओलसर काहीतरी होतं, शेवाळ असावं. उजेड नव्हता आणि अंधारही नव्हता, धुक्यात भल्या सकाळी असतं तसं करडं होतं. पुढे माणसं होती, मागेही होती. कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांचा एक हात कमरेइतक्या उंचीवरच्या एका दोरीवर होता. दोरी किंचित थरथरत होती आणि पुढच्या माणसाचं पाऊल त्या थरथरीतून मागच्याला कळत होतं. कुठे जायचंय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण उशीर झालाय हे ठाऊक होतं, फार उशीर, आणि तरी कुणी घाई करत नव्हतं. जाग आली तेव्हा तळपाय दुखत होते.

मग तो रोज चालायला लागला. दिवसा काठी टेकत देवळात जायचा आणि झोपला की त्या करड्या वाटेला लागायचा. वाटेत कधी पूल लागे, कधी नुसतंच पाणी. ते पाणी कोमट असायचं आणि त्यातून जाताना कुणीतरी गुणगुणल्यासारखं ऐकू यायचं. एकदा लोक थांबले. काहीजण एका मोठ्या झाडाखाली बसले, उरलेले पुढे निघाले. बसलेल्यांना सोडून जाताना भार्गवला गलबलून आलं. त्याने हाक मारली तर त्यांनी हात हलवून सांगितलं, तुम्ही व्हा पुढे.

थोड्या दिवसांनी लोबोबाईंनी त्याच्या रक्ताचा आलेख दाखवला. सपाट रेघेवर आता छोटे छोटे डोंगर उभे राहिले होते, एकापाठोपाठ एक. "पोचल्या," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता, पण चष्मा त्यांनी दोनदा पुसला.

छत्तीसाव्या वर्षी वयात येणं म्हणजे काय, ते कुणी सांगूनही समजणार नाही. गालावर पुटकुळ्या आल्या. आवाज फुटला, तोही नेमका आरतीत, 'जय देवी' म्हणताना. सगळा सभामंडप मागे वळून बघायला लागला. भूक लागायची तर पेजेचं अख्खं भांडं संपायचं. क्षुल्लक गोष्टीवरून तो आप्पावर खेकसायचा आणि मग पडवीत बसून हसायचा. आरशात हनुवटीवर पहिला राठ केस दिसला, तेव्हा तो उपटायचा की ठेवायचा, यात त्याची सकाळ गेली.

वास मात्र आला नाही. वासाचे तंतू, ते स्वप्नातल्या झाडाखाली बसलेले, अजून बसलेलेच होते.

*

भार्गवच्या आवाजाची बातमी खाडीपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? चैताली एका दुपारी आली. आठ वर्षांनी ती त्याच्या अंगणात पाऊल टाकत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, दुखण्याचं नाव, पेशी, धागा, स्वप्नं. ती पडवीच्या कडेला बसून ऐकत होती. मग तिने पिशवीतून एक बाटली काढली, बूच उघडलं आणि त्याच्या नाकाशी धरली.

"सांग, कसलो वास?"

भार्गवने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. "वा! सुरंगीच ती."

"बावीचा पाणी आसा ह्या," चैताली म्हणाली.

त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. चैताली संतापली होती, पण तिचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी तळ्यार असाच सांगितलं होतंस. असाच, डोळे मिटून."

"दुसरा कायच नव्हता गो सांगूक. माझा माकाच म्हाईत नव्हता."

"आनी आता? आता तुका माझ्याबद्दल जा काय वाटता, ता त्या पेशींचा. मगे तेव्हा काय होता?"

हा प्रश्न त्याने स्वतःला अनेकदा विचारला होता. हल्ली तिचं नाव जरी निघालं तरी कानशिलं तापत. हे नवं होतं. पण जुनंही काहीतरी होतंच ना? तो सावकाश, आठवून आठवून बोलला.

"तेव्हा तुझी स्कूटर वळणार दिसली की माझो हात चुकायचो. ओवलेलो पदर सुटायचो. आप्पा ओरडायचो. अंगाक कायच कळत नव्हता चैताली, तरी हात चुकायचो."

तिने अंगणाकडे बघितलं. कुंपणाशी एक कोंबडी माती उकरत होती. "ह्या खरा बोललस," ती शेवटी म्हणाली.

"मगे?"

"मगे काय? माझ्यासमोर खरा बोललस. पण गावासमोर देवमाणूसच ऱ्हवतलस, तर तो देवमाणूस माझ्याही घरात येतलो. माका देवमाणूस काय करूचो? माका माणूस होयो." तिने बाटलीतलं पाणी तुळशीत ओतलं आणि ती गेली.

जत्रा जवळ आली तशी आप्पाची झोप उडाली. मुलाच्या गालावर आता काळसर खुंट दिसत होते आणि गावात कुजबुज होती. भार्गव हारांसाठी दोरी वळत बसला होता, तिथे आप्पा त्याच्यापुढे येऊन बसला. बाप मुलाकडे न बघता बोलत होता.

"तू सोळा वर्षांचो होतंस. शाळेत डॉक्टर इल्लो. त्यान माका बोलावून सांगल्यान, झिलाक गोव्याक मोठ्या दवाखान्यात ने. मी नेलंय नाय."

भार्गवच्या हातातली दोरी थांबली. वीस वर्षं. खाडीपासून लांब राहिलेली, पहाटे एकट्याने आंघोळ केलेली वीस वर्षं. त्याला ओरडावंसं वाटलं, आणि आता ओरडायला आवाजही होता.

"कित्याक, आप्पानू?"

"लोक तुझ्या पाया पडत होते रे," आप्पा म्हणाला. "तुझी आवस गेली, मगे घरात दुसरा काय होता? माका वाटला, तुका दवाखान्यात नेलंय तर ता पण जातला." थोडं थांबून त्याने चाचरत विचारलं, "वास येता काय तुका आता?"

"नाय."

आप्पाचा चेहरा उजळला. "मगे झाला तर! बस की दरवर्षीसारखो उघड्या नाकान. दाढी काढून बस. कोणाक काय कळतला? आपलो मान ऱ्हवतलो."

हेच तर होतं. आवाजाला गावाने देवीचंच कारण शोधलं असतं, आणि नाकाचं कुणाला कळलंच नसतं. देवीने निवडलेला माणूस व्हायला जे लागतं, ते त्याच्याकडे अजून शाबूत होतं.

*

जत्रेच्या दिवशी सभामंडप भरला. भल्या सकाळी उतरवलेल्या कळ्यांच्या टोपल्या भार्गवपुढे ठेवल्या गेल्या. ऊन खांबांवरून खाली सरकत होतं आणि कळ्या एकेक करून उमलत होत्या. आप्पासकट सगळ्यांची नाकं झाकलेली होती. नव्वदीला टेकलेले भिकाजी परब समोर खुर्चीत होते. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून चैताली उभी होती.

भार्गव दाढी न काढता आला होता. त्याने पहिलं फूल उचललं आणि खाली ठेवलं.

"माका थोडा सांगूचा आसा," तो म्हणाला. त्याचा तो जाड, नवा आवाज मंडपात घुमला आणि लोक चुळबुळले. "माका वास येना नाय. कधीच येवक नाय. फुलाचो नाय, माशाचो नाय, करपलेल्या भाताचो नाय. तुमका वाटला, माका हाव नाय. हाव कसली? माका ता काय असता, ताच म्हाईत नाय. ह्या दुखणा आसा, आनी त्याका नाव आसा. त्याच दुखण्यान माका दाढी इली नव्हती, त्याच दुखण्यान हाड मोडला."

भिकाजींनी घसा खाकरला. "ता पण देवीनच दिल्यान ना रे? तिचीच इच्छा..."

"भिकाजीनू, देवीक मधी घालू नकात." तो उद्धटपणे बोलला नाही, विनवून बोलला. "मी तिका पुढे करून लय वर्षां लपलंय. माका लवकर दवाखान्यात नेला असता, तर ही वर्षां गेली नसती. कोणाच्या झिलाची, भावाची अशी गजाल आसात, तर झाकू नकात. औषध आसा."

आप्पाने मान खाली घातली. भार्गवला त्याची कीव आली, पण बोललेलं परत घेता येत नव्हतं आणि घ्यायचंही नव्हतं. छातीतलं ओझं उतरलं होतं. आणि तिथे त्याच्या मनात एक प्रश्न आला. तो त्याने कधीच कुणाला विचारला नव्हता, कारण विचारणं म्हणजे पकडलं जाणं.

"एक इचारूचा आसा," तो म्हणाला. "सुरंगीचो वास कसो असता?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. प्रश्न तसा सोपा होता. पण देवीच्या उमलत्या फुलाचा वास इथे बसलेल्यांपैकी कुणी घेतलाच नव्हता ना, नियमाप्रमाणे?

मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "मधासारको असता, बाबा."

"मधासारको खय?" दुसरी पदराआडून म्हणाली. "मध गोड. ह्यात थोडो कडूपणा असता, शेवटाक."

"कडू नाय गो, उबदार. पेटाऱ्यातल्या साडयेसारको."

"गे बाये, साडयेक वास सुरंगीचोच लागता!"

आता पुरुषही बोलायला लागले. एक म्हणाला, भाजल्या काजूसारखा. दुसरा म्हणाला, छे, कापलेल्या फणसासारखा, पण लांबून. आवाज चढत गेले आणि बोलायच्या भरात पदर, रुमाल केव्हाच खाली आले. शेवटी भिकाजींना राहवेना. त्यांनी काठी आपटली. "तुमका कोणाक कायच कळणा नाय! कळी फुटताना हलको असता, दुपारी जड होता, आनी दुसऱ्या दिवशी सुकल्यार खरो..."

ते मध्येच थांबले. नव्वद वर्षांच्या मानकऱ्याचे कान लाल झाले. आधी कुणीतरी एक फिस्सकन हसलं, मग मंडप हसला, मग भिकाजीही तोंडाचं बोळकं पसरून हसायला लागले.

हसणं ओसरलं तेव्हा आप्पा बोलला. त्याने नाकावरचं फडकं सोडलं होतं. "तुझ्या आवशीच्या केसांसारको," तो म्हणाला. "मी दर वर्षी देवीच्या टोपलेतली चार फुलां काढून तिका द्यायचंय. चोरून. तू तिच्या मानेत तोंड घालून निजायचंस. तो वास तुझ्या अंगार असायचो रे झिला. तुकाच कळायचो नाय."

भार्गवने बापाचा हात धरला आणि सगळ्यांसमोर धरून ठेवला. राग होता, तो लगेच जाणार नव्हता, पण हात त्याने सोडला नाही.

"चैताली, तू सांग गो," कुणीतरी ओरडलं. "तुझो तर धंदोच ह्यो!"

सगळे खांबाकडे वळले. चैताली बायकांच्या रांगेतून पुढे आली. ओवणाऱ्यांच्या चटईवर आजवर गुरवांखेरीज कुणी बसलं नव्हतं. ती सरळ भार्गवशेजारी बसली.

"एका दिवसात सांगान होवचा नाय ता," ती म्हणाली. "रोज थोडा थोडा सांगूक लागतला."

भार्गवने तिच्याकडे बघितलं. त्याला ते पुरतं कळायला एक क्षण लागला. "मगे आजच सुरवात कर," तो म्हणाला.

चैतालीने टोपलीतलं एक उमललेलं फूल उचललं, सगळ्या गावासमोर नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि सांगायला लागली.